प्रोफाइल प्रोजेक्टर

प्रोफाइल प्रोजेक्टर हे यंत्रांच्या सुट्या भागांचे आकार, कोन व परिमाणे त्यांना स्पर्श न करता मोजण्याचे प्रकाशीय उपकरण आहे. त्याला ऑप्टिकल कंपॅरेटर, म्हणजे प्रकाशीय तुलनक, असेही म्हणतात. तपासायच्या भागावर समांतर प्रकाशकिरण सोडले जातात. त्याची छाया भिंगांच्या साहाय्याने ठरावीक पटीने मोठी करून काचेच्या पडद्यावर पाडली जाते. या छायेची बाह्यरेषा थेट मोजता येते, किंवा त्याच पटीने काढलेल्या आदर्श आकृतीशी ताडून पाहता येते. स्क्रूचे आटे, दंतचक्रांचे दाते, घड्याळातील बारीक चाके, कापणीच्या हत्यारांची टोके, पत्र्यातून कापलेले भाग आणि दाबाने आकार बदलणारे रबर वा प्लॅस्टिकचे भाग तपासण्यासाठी हे उपकरण विशेष उपयुक्त आहे.

व्हर्नियर कॅलिपर किंवा मायक्रोमीटर ही साधने दोन बिंदूंमधील अंतर सांगतात. प्रोफाइल प्रोजेक्टर संपूर्ण कडेचा आकार एकाच वेळी दाखवतो. त्यामुळे भाग बिघडला आहे एवढेच नव्हे, तर तो कोठे व कसा बिघडला आहे हेही कळते. मात्र पडद्यावर दिसते ती छाया असते, प्रत्यक्ष वस्तू नव्हे. प्रकाश, भिंगे, भागाची मांडणी आणि मोजपट्टी यांची पडताळणी झालेली असेल, तेवढ्यापुरतीच ती छाया विश्वासार्ह असते.

पार्श्वभूमी

एका कारखान्यात बनलेला नट दुसऱ्या कारखान्यात बनलेल्या बोल्टवर बसावा, ही अपेक्षा आज स्वाभाविक वाटते. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी मात्र प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे असत. इंग्लंडमधील अभियंते जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये आट्यांची एकसमान पद्धती मांडली. तिच्यात आट्याच्या दोन बाजूंमधील कोन ५५ अंश होता. अमेरिकेत विल्यम सेलर्स यांनी १८६४ मध्ये ६० अंशांच्या कोनाची पद्धती सुचविली. आजच्या मेट्रिक आट्यांचा कोनही ६० अंशच आहे.

मानके कागदावर असली तरी ती सर्वत्र पाळली जात नव्हती. ७ फेब्रुवारी १९०४ रोजी अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात लागलेल्या आगीत याचा दारुण प्रत्यय आला. वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया आदी शहरांतून अग्निशामक दले मदतीला धावून आली. परंतु त्यांच्यापैकी अनेकांच्या नळ्यांची जोडणी बाल्टिमोरच्या पाण्याच्या खांबांवर बसेना, कारण आटे जुळत नव्हते. पाणी असूनही ते आगीपर्यंत पोहोचविता आले नाही. या आगीत १,५०० हून अधिक इमारती नष्ट झाल्या.

पहिल्या महायुद्धात शस्त्रास्त्रांचे भाग अनेक कारखान्यांत विभागून तयार होऊ लागले, तेव्हा हा प्रश्न पुन्हा उभा राहिला. अमेरिकेच्या काँग्रेसने १९१८ मध्ये राष्ट्रीय स्क्रू-आटे आयोग स्थापन केला. केवळ मानक ठरवून भागणार नव्हते. तयार झालेला आटा मानकाप्रमाणे आहे की नाही, हे झटपट व खात्रीने सांगणारे साधनही हवे होते. आट्याचा व्यास, दोन आट्यांमधील अंतर (पिच), बाजूंचा कोन आणि तळाची गोलाई या सर्व बाबी परस्परांशी निगडित असतात. त्या एकेक करून मोजणे वेळखाऊ होते, तर साध्या गेजमध्ये फिरवून पाहिल्यास ‘बसतो’ किंवा ‘बसत नाही’ यापलीकडे उत्तर मिळत नसे.

उगम

जेम्स हार्टनेस (१८६१–१९३४) आणि रसेल डब्ल्यू. पोर्टर (१८७१–१९४९) यांच्या कामातून या उपकरणाचे आद्य रूप साकारले. हार्टनेस हे अमेरिकेतील व्हरमाँट राज्याच्या स्प्रिंगफील्ड गावातील जोन्स अँड लॅमसन या यंत्रनिर्मिती कंपनीचे प्रमुख होते. टरेट लेथमधील सुधारणा व आटे पाडण्याचे डाय यांसाठी ते प्रसिद्ध होते. १९२१ ते १९२३ या काळात ते व्हरमाँटचे गव्हर्नरही होते. त्यांना खगोलनिरीक्षणाची आवड होती. पोर्टर हे वास्तुशास्त्र शिकलेले, उत्तर ध्रुवीय मोहिमांत भाग घेतलेले आणि दुर्बिणीचे आरसे घासण्यात निष्णात असलेले गृहस्थ होते. स्प्रिंगफील्डमधील कारखान्याच्या कामगारांना त्यांनी स्वतःच्या दुर्बिणी तयार करण्यास शिकविले, आणि त्यातून अमेरिकेतील हौशी दुर्बीणनिर्मितीची चळवळ उभी राहिली. पुढे कॅलिफोर्नियातील पालोमार वेधशाळेच्या २०० इंची दुर्बिणीच्या आराखड्यांतही पोर्टर यांचा सहभाग होता.

आट्यांचा कारखानदार आणि भिंगांचा जाणकार यांच्या सहकार्यातून १९२० च्या दशकात हार्टनेस स्क्रू-आटे तुलनक तयार झाला. आट्याची छाया मोठी करून पडद्यावर पाडायची आणि तेथे आखलेल्या कमाल व किमान मर्यादांच्या रेषांमध्ये ती बसते का हे पाहायचे, ही त्याची कल्पना होती. अवघड आकडेमोड न करता तपासनीस केवळ नजरेने निर्णय घेऊ शकत असे. आट्यांसाठी जन्मलेले हे साधन पुढे सर्व प्रकारच्या आकारांसाठी वापरात आले. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४८ मध्ये, अमेरिका, ब्रिटन व कॅनडा या देशांनी आट्यांची एकत्रित पद्धती मान्य केली.

तत्त्व व रचना

प्रोफाइल प्रोजेक्टरमध्ये पुढील प्रमुख घटक असतात.

प्रकाशस्रोत व संघनक भिंग: दिव्याचा प्रकाश संघनक भिंगातून समांतर होऊन बाहेर पडतो. पूर्वी टंगस्टन वा हॅलोजन दिवे वापरत. आता एलईडी दिवे वापरतात. त्यांची उष्णता कमी असल्याने जवळचा भाग तापत नाही.

मंच: तपासायचा भाग, ज्याला कारखान्यात ‘जॉब’ म्हणतात, या मंचावर ठेवला जातो. मंच डावी-उजवीकडे आणि पुढे-मागे किंवा वर-खाली अतिशय सावकाश सरकविता येतो. त्याचे सरकणे मायक्रोमीटरने किंवा काचेच्या रेखांकित मोजपट्टीने मोजले जाते आणि आकडा अंकीय दर्शकावर दिसतो.

वस्तुभिंग: जॉबच्या कडेवरून आलेला प्रकाश वस्तुभिंग गोळा करते. १०, २०, २५, ५० व १०० पट विवर्धनाची भिंगे सामान्यतः वापरतात.

आरसे वा लोलक व पडदा: प्रतिमा आरशांवरून वळवून दुधी काचेच्या गोल पडद्यावर पाडली जाते. पडद्याचा व्यास बहुधा ३०० ते ६०० मिलिमीटर असतो. पडद्यावर परस्परांना काटकोनात छेदणाऱ्या दोन बारीक रेषा कोरलेल्या असतात. पडदा स्वतःभोवती फिरविता येतो आणि त्याच्या कडेवरील अंशांकनावर कोन वाचता येतो.

विवर्धनाचा हिशेब सरळ आहे. ५० पट विवर्धनात जॉबवरील ०.०२ मिलिमीटरचा फरक पडद्यावर १ मिलिमीटर होऊन दिसतो. एरवी डोळ्याला न जाणवणारा दोष साध्या फूटपट्टीच्या आवाक्यात येतो. मात्र विवर्धन वाढले की दृष्टिक्षेत्र आकसते. ३०० मिलिमीटर व्यासाच्या पडद्यावर १० पट विवर्धनात जॉबचा ३० मिलिमीटर भाग दिसतो, तर १०० पट विवर्धनात केवळ ३ मिलिमीटर. म्हणून मोठा आकार एकदम पाहायचा असल्यास कमी विवर्धन आणि बारीक तपशील पाहायचा असल्यास जास्त विवर्धन निवडावे लागते.

साध्या भिंगात जवळची वस्तू मोठी व दूरची लहान दिसते. मोजमापासाठी हा दोष घातक आहे, कारण जॉब किंचित पुढे-मागे ठेवला गेला तरी त्याचे माप बदलेल. यावर टेलिसेंट्रिक रचना हा उपाय आहे. या रचनेत वस्तुभिंगाच्या नाभीप्रतलावर एक छोटे छिद्र ठेवतात. त्यामुळे मुख्य अक्षाला जवळजवळ समांतर असलेले किरणच पुढे जातात. जॉब थोडा पुढे-मागे झाल्यास प्रतिमा काहीशी अस्पष्ट होते, परंतु तिचा आकार बदलत नाही. या तत्त्वाच्या विकासाचे श्रेय जर्मन भौतिकीविज्ञ अर्न्स्ट आबे (१८४०–१९०५) यांना दिले जाते.

प्रकाशाची दिशा आडवी की उभी, यावरून प्रोजेक्टरचे दोन मुख्य प्रकार पडतात. आडव्या प्रकाशाचा प्रोजेक्टर दंडगोल व लांब जॉब केंद्रांमध्ये धरून तपासण्यास सोयीचा असतो. उभ्या प्रकाशाच्या प्रोजेक्टरमध्ये जॉब काचेच्या मंचावर आडवा ठेवता येतो. पातळ, सपाट व लवचीक भागांसाठी तो पसंत केला जातो.

मापनाच्या पद्धती

प्रोफाइल प्रोजेक्टरवर तीन प्रकारे काम केले जाते.

पहिली पद्धत तुलनेची. पारदर्शक पत्र्यावर जॉबचा आकार विवर्धनाच्या पटीत काढून तो पडद्यावर लावतात. त्यावर कमाल व किमान मर्यादांच्या दोन रेषा असतात. ±०.०२ मिलिमीटर टॉलरन्स असलेल्या कडेसाठी ५० पट विवर्धनात या दोन रेषांमध्ये २ मिलिमीटरचा पट्टा तयार होतो. छायेची कड सर्वत्र या पट्ट्यात राहिली तर भाग योग्य. एकाच प्रकारचे शेकडो भाग तपासताना ही पद्धत सर्वात जलद ठरते.

दुसरी पद्धत मंच सरकविण्याची. छायेची एक कड पडद्यावरील उभ्या रेषेला मिळवून आकडा शून्य करतात, नंतर मंच सरकवून दुसरी कड त्याच रेषेला मिळवतात. मंच जेवढा सरकला तेवढे अंतर. या पद्धतीत विवर्धनातील चुकीचा परिणाम फारसा होत नाही, कारण मोजमाप मंचाच्या मोजपट्टीवर होते. पडद्याचे काम केवळ कड नेमकी दाखविण्याचे. कडेवरचे अनेक बिंदू असे नोंदवून वर्तुळाचा व्यास किंवा दोन छिद्रांच्या केंद्रांमधील अंतरही गणिताने काढता येते.

तिसरी पद्धत कोनाची. पडदा फिरवून त्यावरील रेषा छायेच्या एका बाजूला समांतर करतात, वाचन घेतात आणि मग दुसऱ्या बाजूला समांतर करून पुन्हा वाचन घेतात. दोन वाचनांतील फरक म्हणजे त्या बाजूंमधील कोन. व्हर्नियरच्या साहाय्याने हे वाचन १ मिनिटापर्यंत, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागापर्यंत, घेता येते.

जॉबच्या मागून प्रकाश टाकल्यास केवळ बाह्यरेषा दिसते. पृष्ठभागावरील खाच, कोरलेले अक्षर किंवा आरपार नसलेले छिद्र पाहायचे असल्यास पुढून प्रकाश टाकून परावर्तित प्रतिमा घ्यावी लागते. ही प्रतिमा मंद असते, आणि पृष्ठभाग चकचकीत आहे की काळपट यावर तिची स्पष्टता अवलंबून राहते. त्यामुळे शक्य असेल तेथे मागून येणाऱ्या प्रकाशालाच प्राधान्य दिले जाते.

आट्यांचे मापन

आटे हे प्रोफाइल प्रोजेक्टरचे मूळ क्षेत्र असले तरी ते सोपे नाही. आटा हा दंडगोलाभोवती तिरका चढत गेलेला असतो. प्रकाश स्क्रूच्या अक्षाला काटकोनात टाकला तर आट्याची पुढची-मागची वळणे खाचेच्या आड येतात आणि छायेत बाजूंची खरी रेषा झाकली जाते. म्हणून आट्याच्या चढाच्या कोनाइतका प्रकाश किंवा जॉब तिरका करावा लागतो. १० मिलिमीटर व्यासाच्या व १.५ मिलिमीटर पिचच्या मेट्रिक स्क्रूसाठी हा कोन सुमारे ३ अंश येतो.

तिरके केल्यावर कड स्पष्ट होते; परंतु दिसणारा छेद अक्षातून जाणारा नसून आट्याला काटकोनात असलेला असतो. त्यामुळे बाजूचा कोन प्रत्यक्षापेक्षा किंचित कमी भरतो. वरील उदाहरणात ३० अंशांच्या अर्धकोनात सुमारे २ मिनिटांचा फरक पडतो. साध्या स्क्रूसाठी तो दुर्लक्षित करता येतो. स्क्रू-गेजसाठी मात्र दुरुस्ती करावी लागते.

पिचमधील चूक विशेष महत्त्वाची आहे. ६० अंशांच्या आट्यात नट व बोल्ट यांच्या गुंतलेल्या लांबीवर पिचची एकूण चूक ०.०१ मिलिमीटर असेल, तर बोल्टचा परिणामी व्यास जणू १.७३२ पट, म्हणजे सुमारे ०.०१७ मिलिमीटर, वाढल्यासारखा होतो. मायक्रोमीटरने व्यास बरोबर भरूनही बोल्ट नटमध्ये अडकतो, याचे कारण पुष्कळदा हेच असते. अशा वेळी व्यास कमी केला तर बोल्ट बसतो खरा, पण तो थोड्याच आट्यांवर टेकतो आणि ताण त्यांच्यावरच पडतो. पिच, कोन व तळाची गोलाई स्वतंत्रपणे दाखविणारा प्रोजेक्टर येथे दोषाचे मूळ उघड करतो. भारतात मेट्रिक आट्यांची परिमाणे आयएस ४२१८ या मानकात दिलेली आहेत.

त्रुटींची कारणे

कडेचे स्वरूप: प्रकाश कडेवरून जाताना थोडा वळतो. या विवर्तनामुळे छायेची कड गणिती रेषेसारखी नसून बारीक पट्ट्यासारखी असते. रेषा या पट्ट्याच्या आत लावायची, मध्यावर की बाहेर, यावर माप अवलंबून राहते. दोन तपासनिसांच्या वाचनांत फरक पडण्याचे हे नेहमीचे कारण आहे. रेषा प्रत्येक वेळी एकाच बाजूने आणून मिळविल्यास हा फरक कमी होतो, तसेच मंचाच्या स्क्रूमधील ढिलाईही वाचनात शिरत नाही.

दंडगोल पृष्ठभाग: चकचकीत दंडगोलावरून प्रकाश जवळजवळ पृष्ठभागालगत जाताना परावर्तित होतो आणि कड सरकल्याचा भास होतो. किरण जितके समांतर तितका हा दोष कमी.

तिरकी मांडणी: ६० मिलिमीटर लांबीचा जॉब मंचाच्या दिशेशी १ अंशाने तिरका ठेवला गेला, तर सरकण्याच्या दिशेत त्याची लांबी सुमारे ०.००९ मिलिमीटर कमी भरते. कोन दुप्पट झाल्यास चूक चौपट होते. त्यामुळे मोजण्यापूर्वी जॉबची एक सरळ कड मंचाच्या हालचालीशी जुळवून घेणे ही पहिली पायरी मानली जाते.

आबेचे तत्त्व: मोजायचे अंतर आणि मोजपट्टी एकाच सरळ रेषेत असावीत, असे आबे यांनी १८९० मध्ये मांडले. प्रोजेक्टरच्या मंचाची मोजपट्टी बहुधा जॉबच्या बाजूला किंवा खाली असते. हे अंतर ५० मिलिमीटर असेल आणि सरकताना मंच केवळ १० सेकंद कोनाने कलला, तरी सुमारे ०.००२४ मिलिमीटरची चूक होते. सेकंद हा अंशाचा ३,६०० वा भाग आहे.

तापमान: लांबीच्या मापनासाठी २० अंश सेल्सिअस हे संदर्भ तापमान आंतरराष्ट्रीय पातळीवर मान्य आहे. पोलादाची लांबी प्रति अंश, प्रति मीटर सुमारे ११.५ मायक्रॉनने वाढते. ३८ अंश तापमानाला १०० मिलिमीटरचा पोलादी जॉब सुमारे ०.०२ मिलिमीटर लांब होतो. मंचाची काचेची मोजपट्टीही त्याच तापमानाला असेल तर तीही वाढते, पण पोलादापेक्षा कमी. म्हणून सुमारे ०.००६ मिलिमीटरचा फरक उरतोच. यंत्रावरून नुकताच काढलेला गरम जॉब थंड प्रोजेक्टरवर ठेवला तर ही अंशतः होणारी भरपाईही मिळत नाही. यासाठी मोजण्यापूर्वी जॉब काही वेळ मापनकक्षातच ठेवतात.

अस्वच्छता: छाया धूळ आणि धातू यांत भेद करीत नाही. कडेला चिकटलेला तेलाचा थेंब, कापसाचा धागा किंवा कापकामानंतर राहिलेला बारीक काटा, ज्याला कारखान्यात ‘बर’ म्हणतात, पडद्यावर जॉबचाच भाग म्हणून उमटतो. जॉब पुसून, बर काढून मगच मंचावर ठेवणे हा मापनाचाच भाग समजला जातो.

पडताळणी

प्रोजेक्टरची अचूकता ठरावीक काळाने तपासावी लागते. विवर्धन तपासण्यासाठी अचूक रेघा असलेली काचेची लहान पट्टी मंचावर ठेवतात आणि तिची प्रतिमा पडद्यावर दुसऱ्या प्रमाणित पट्टीने मोजतात. २० पट विवर्धनात १० मिलिमीटर अंतराच्या दोन रेघा पडद्यावर २०० मिलिमीटर अंतरावर दिसल्या पाहिजेत. चूक ०.१ टक्क्याच्या आत ठेवायची असेल, तर येथे ०.२ मिलिमीटरपेक्षा अधिक फरक चालत नाही. हीच तपासणी पडद्याच्या मध्यावर व कडेला वेगवेगळी करतात, कारण भिंगाचा दोष कडेजवळ जास्त जाणवतो. मंचाच्या दोन हालचाली परस्परांना काटकोनात आहेत का आणि पडद्याचे अंशांकन बरोबर आहे का, हेही पाहिले जाते.

पडताळणीसाठी वापरलेली पट्टी स्वतः अधिक अचूक मानकाशी ताडलेली असावी लागते. ही साखळी पुढे राष्ट्रीय मानकापर्यंत जाते. भारतात लांबीचे राष्ट्रीय मानक नवी दिल्ली येथील राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत सांभाळले जाते. १९८३ पासून मीटरची व्याख्या प्रकाशाच्या निर्वातातील वेगावरून केली जाते.

ही साखळी तुटली तर काय होते, याचे सर्वाधिक प्रसिद्ध उदाहरण प्रोजेक्टरचे नसले तरी प्रकाशीय तपासणीचेच आहे. २४ एप्रिल १९९० रोजी अवकाशात सोडलेल्या हबल दुर्बिणीच्या प्रतिमा अस्पष्ट आल्या. तिच्या २.४ मीटर व्यासाच्या मुख्य आरशाची कड अपेक्षेपेक्षा सुमारे २.२ मायक्रॉन अधिक सपाट घासली गेली होती. आरसा घासणाऱ्यांनी हलगर्जीपणा केला नव्हता. तपासणीच्या उपकरणाने दाखविले तसाच तो घासला गेला होता. त्या उपकरणातील एक भिंग १.३ मिलिमीटरने चुकीच्या जागी बसले होते. भिंगाचे अंतर ठरविताना प्रकाश मापनदांड्याच्या टोकावरून परतायला हवा होता. तो दांड्यावरील टोपणाच्या लेप उडालेल्या भागावरून परतला आणि तेच अंतर खरे मानले गेले. अन्य दोन उपकरणांच्या चाचण्यांत दोषाची चिन्हे दिसली होती. परंतु ती उपकरणे कमी अचूक समजून त्यांचे निष्कर्ष बाजूला ठेवण्यात आले. डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी दुरुस्तीची प्रकाशीय साधने बसविल्यावर दुर्बिणीच्या प्रतिमा सुस्पष्ट झाल्या. सर्वात अचूक मानलेल्या उपकरणाचा निष्कर्षही स्वतंत्र पद्धतीने ताडून पाहावा, आणि दोन निष्कर्ष जुळत नसतील तर त्याचे कारण शोधावे, हा मापनशास्त्राचा नियम या घटनेने अधोरेखित केला.

स्वीकार व नकार

कोणत्याही मापाला थोडी अनिश्चितता चिकटलेली असते. एखाद्या भागाचा व्यास ९.९८ ते १०.०२ मिलिमीटर असावा असे ठरले आणि मापनाची अनिश्चितता ०.००४ मिलिमीटर असली, तर १०.०१८ असे वाचन आलेला भाग खरोखर मर्यादेत आहे हे खात्रीने सांगता येत नाही. आयएसओ १४२५३-१ या आंतरराष्ट्रीय मानकात यासाठी नियम दिलेला आहे. त्याचा गाभा असा, की जो पक्ष दावा करतो त्याने अनिश्चितता स्वतःच्या अंगावर घ्यावी. भाग योग्य आहे असे म्हणणाऱ्या उत्पादकाने ९.९८४ ते १०.०१६ या आतल्या मर्यादेतील भागांचीच हमी द्यावी. भाग सदोष आहे असे म्हणणाऱ्या ग्राहकाने वाचन ९.९७६ च्या खाली किंवा १०.०२४ च्या वर असल्यासच तो नाकारावा. मधल्या पट्ट्यातील भागांविषयी दोन्ही पक्षांनी आधीच ठरवून ठेवणे इष्ट.

या नियमामुळे मापनाचा दर्जा हा व्यवहाराचा प्रश्न बनतो. अनिश्चितता जितकी मोठी, तितके चांगले भागही हमीबाहेर जातात. स्वच्छ मापनकक्ष, स्थिर तापमान व पडताळलेला प्रोजेक्टर यांवर झालेला खर्च अशा रीतीने वाचलेल्या मालातून भरून निघतो.

मर्यादा व पुढील विकास

छायेत जॉबच्या सर्वात बाहेरच्या कडाच दिसतात. आतल्या खोबणी, आरपार नसलेली छिद्रे व अंतर्गोल पृष्ठभाग प्रोजेक्टरला दिसत नाहीत. नटच्या आतील आटे तपासायचे असल्यास त्यांचा मेणासारख्या किंवा रबरासारख्या पदार्थाचा ठसा घेऊन तो ठसा मंचावर ठेवावा लागतो. पृष्ठभागाचा खडबडीतपणा, सपाटपणा व खोली मोजण्यासाठी इतर उपकरणे आवश्यक असतात.

पडद्याच्या जागी कॅमेरा आणि संगणक आल्यावर दृश्य-मापन यंत्रे तयार झाली. इलेक्ट्रॉनिक कॅमेऱ्याला पायाभूत ठरलेली सीसीडी ही प्रकाशसंवेदी चकती १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत विलार्ड बॉयल व जॉर्ज स्मिथ यांनी शोधली. दृश्य-मापन यंत्रात प्रतिमा लहान चौकटींत, म्हणजे पिक्सेलमध्ये, विभागली जाते. २० मिलिमीटरचे क्षेत्र २,००० पिक्सेलवर घेतले तर एक पिक्सेल म्हणजे ०.०१ मिलिमीटर. उजेडाकडून अंधाराकडे होणारा बदल शेजारच्या अनेक पिक्सेलवर तपासून संगणक कडेची जागा एका पिक्सेलपेक्षाही बारीक ठरवतो. रेषा कोठे लावायची हा निर्णय माणसाच्या नजरेऐवजी गणिती नियमाने होत असल्याने व्यक्तिपरत्वे येणारा फरक कमी होतो. तथापि प्रकाशाची तीव्रता बदलली की संगणकाला दिसणारी कडही सरकते; तापमान, तिरकी मांडणी व धूळ यांचे दोषही कायम राहतात. आकडा आपोआप उमटत असल्यामुळे हे दोष नजरेआड होण्याचा संभव उलट वाढतो.

महाराष्ट्रातील वापर

पुणे, पिंपरी-चिंचवड, चाकण, नाशिक, छत्रपती संभाजीनगर व कोल्हापूर या औद्योगिक परिसरांत वाहनांचे सुटे भाग बनविणाऱ्या लहान-मोठ्या कारखान्यांत गुणवत्ता तपासणीसाठी प्रोफाइल प्रोजेक्टर वापरात आहेत. दृश्य-मापन यंत्रांच्या तुलनेत कमी किंमत, साधी रचना व दीर्घ आयुष्य यांमुळे लघुउद्योगांत त्याचे स्थान टिकून आहे. यंत्र अभियांत्रिकीच्या पदविका व पदवी अभ्यासक्रमांतील मापनशास्त्राच्या प्रात्यक्षिकांत स्क्रूचा पिच व कोन प्रोजेक्टरवर मोजणे हा नेहमीचा प्रयोग असतो. एकच जॉब दोन विद्यार्थ्यांनी स्वतंत्रपणे मोजून वाचने ताडून पाहिली, तर मापनातील अनिश्चितता म्हणजे काय हे या प्रयोगातून सहज लक्षात येते. राज्यातील उन्हाळ्याचे तापमान लक्षात घेता, वातानुकूलित मापनकक्ष नसलेल्या ठिकाणी घेतलेल्या वाचनांसोबत तापमानाची नोंद करणे विशेष आवश्यक ठरते.